पालमच्या पुढे, हुकमाबिगर चालणारा तारा

मी पुण्यात एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि संध्याकाळी गच्चीवर उभी राहून उपग्रह बघते. लोक पहिल्या गोष्टीबद्दल विचारपूस करतात आणि दुसरीबद्दल विषय बदलतात. खरं तर त्यात विक्षिप्त काही नाही. सूर्य मावळल्यावर खाली अंधार पडतो, पण कित्येक किलोमीटर वर अजून ऊन असतं. त्या उन्हात न लुकलुकता सरकत जाणारा ठिपका दिसला की तो उपग्रह. कुठल्या ताऱ्याजवळून किती वाजता गेला ते स्टॉपवॉचवर धरायचं आणि वहीत लिहायचं, एवढाच हा छंद.

नामांतराच्या चळवळीची ती वर्षं होती. मी एका मासिकात बंद पडलेल्या उपग्रहांवर लेख लिहिला होता. त्यात चार ओळी एका परक्या देशाच्या लष्करी उपग्रहावर होत्या. जमिनीवरून हुकूम न घेता स्वतःची वाट स्वतः ठरवता येते का, समोरची वस्तू ओळखून तिच्या मागे जाता येतं का, हे अजमावायला तो वर धाडला होता. चार महिन्यांनी संपर्क तुटला, प्रयोग संपला, अशी लहानशी बातमी आली. मी लिहिलं होतं की आता तो निव्वळ एक मेलेला पत्रा आहे.

लेख छापून आल्यावर परभणी जिल्ह्यातून एक कार्ड आलं. लिहिणारे सोपानराव, पालमच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाखा डाकघराचे पोस्टमास्तर. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. 'आपण तो उपग्रह मेला असे लिहिले आहे. तो मेलेला नाही. आम्ही दोन वर्षे नोंद ठेवतो. तो वेळ बदलतो व दुसऱ्या ताऱ्याच्या मागे लागतो. कृपया येऊन पाहावे.'

खाली सहा तारखा आणि सहा वेळा होत्या, सेकंदांसकट. माझ्या तक्त्यांशी ताडून पाहिल्या. पहिल्या दोन जुळल्या. पुढच्या जुळेनात, आणि ज्या तऱ्हेने जुळत नव्हत्या त्यात चूक दिसत नव्हती. तो रोज थोडा थोडा लवकर येत होता. मेलेला पत्रा असं करत नाही. मी जानेवारीत दोन आठवड्यांची रजा टाकली.

पोखर्णी

परभणीहून पालमची एसटी पोखर्णीला बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बॉनेट तसंच उघडं ठेवून चहाला गेला. प्रवासीही इतक्या सहज उतरले की मला वाटलं, रोजचा थांबाच असावा. काहीजण नरसिंहाच्या देवळाकडे वळले, मी त्यांच्यामागे. दर्शन घेऊन हॉटेलात आले. नाश्त्याला काय आहे, विचारलं.

"सुशीला हाय," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला.

मला वाटलं, तो बायकोला हाक मारतोय. मग समोर बशी आली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर शेंगदाणे. आपल्याकडच्या पोह्यांपेक्षा मऊ आणि तिखट. दुसरी बशी मागवली तेव्हा शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने कुठं निघालात, विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं.

"त्या गावात आत्ता कोन असतंय वो? समदे ऊसतोडीला जायलेत की. म्हातारी तेवढी राह्यलीत."

"पोस्टमास्तर आहेत ना."

"मास्तर हायेत," तो म्हणाला. चहाची बशी तोंडाला लावली. एसटी सुरू झाल्यावर तो खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "बाई, तितं तिनसांजेला बाहीर नका थांबू." कारण विचारेपर्यंत गाडी हलली होती.

गाव

पालमला गाडी बदलून फाट्यावर उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. फाट्यापासून गाव अर्ध्या तासाच्या चालीवर. दोन्ही बाजूंना काळी भुई, तिच्यात हुरड्याला आलेली ज्वारी. ज्वारीत माणूस नाही. बुजगावणी मात्र पुष्कळ होती.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाजाचा अभाव. घरामागून घर कुलूपबंद, काही दारांना कुलपाऐवजी बाभळीची काटेरी फांदी बांधलेली. अंगणातले रांजण पालथे घातलेले. टोळ्या दिवाळीनंतर गेल्या होत्या, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणार होत्या. विजेचा डीपी जळाल्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि तो बदलायला कुणी फिरकलं नव्हतं. पुण्यात सुटीच्या दिवशी आमची पेठ रिकामी होते, तेव्हा लोक दारामागे झोपलेले असतात. इथे दारामागे कुणी नाही हे दारांकडे बघूनच कळत होतं.

पोस्ट म्हणजे मास्तरांच्याच घराची पुढची खोली. मास्तर उंच, साठी ओलांडलेले, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. मी दारात उभी राहिले तर त्यांनी माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघून नमस्कार केला.

"कोन हाय?"

मी नाव सांगितलं. ते लगबगीने उठले, पुढे आले, आणि जवळून मला त्यांचे डोळे दिसले. दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा. डावा तर पुरताच झाकलेला.

माझं मन खचलं. दोन दिवस हाडं खिळखिळी करून मी एका अशा माणसाचं आकाश बघायला आले होते ज्याला माझा चेहरा दिसत नव्हता. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. हसून म्हणाले, "मला दिसत न्हाई, बाई. हिला दिसतंय. ही बोलती, मी लिव्हतो."

ही म्हणजे गयाबाई. चुलीपुढून उठून, हात पदराला पुसत बाहेर आल्या. लहानखुऱ्या, काळ्या-सावळ्या, डोळे पाखरासारखे. मी त्यांना काकू म्हटलं.

"काकू म्हंजे चुलती झाली. मावशी म्हना," त्या म्हणाल्या. "लय लांबून आल्यात. बसा की."

तीन संध्याकाळी

पहिल्या संध्याकाळी त्यांची पद्धत बघितली. अंगणात बाज. बाजेवर मास्तर, मांडीवर वही, हातात पोस्टाचं मोठं घड्याळ, दुपारीच ट्रान्झिस्टरच्या टोल्यांवर लावून घेतलेलं. शेजारी पेटवलेली ग्यासबत्ती, कारण कंदिलाच्या उजेडात मास्तरांना कागदच दिसत नसे. बत्ती इतकी प्रखर की समोरची तीन कुलूपबंद घरं उजळून निघाली होती. गयाबाई मात्र बत्तीकडे पाठ करून, कोपऱ्यातल्या कडुलिंबाच्या सावलीत उभ्या. सगळ्या गावात तेवढा एकच दिवा. आसपासच्या वस्त्यांवरही नाही.

"आला," गयाबाई म्हणाल्या.

मला दुर्बिणीतून दिसायच्या आधी त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. उत्तरेकडून एक ठिपका, दर काही सेकंदांनी जरा मोठा होणारा. तो मला ओळखता आला. जुन्या अग्निबाणाचं रिकामं नळकांडं, गोल गोल फिरत जाणारं. बरीच वर्षं वर आहे.

"आन् हा मागचा."

त्याच रेषेत, त्याच वेगाने दुसरा ठिपका येत होता. मंद आणि स्थिर. गयाबाईंनी बोट वर केलं, तो कडुलिंबाच्या शेंड्याला आला आणि त्यांनी हाताची टाळी वाजवली. मास्तरांनी वेळ लिहिली. माझ्या स्टॉपवॉचवर दोघांमध्ये चौदा सेकंद भरले. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी सात.

अंगावर काटा येतो हा वाक्प्रचार मी पुष्कळदा वापरला आहे. त्या तिसऱ्या संध्याकाळी तो खरोखर आला. आकाशातल्या दोन वस्तू चुकून जवळ येतात त्या आडव्या येतात आणि निघून जातात. एकाच वाटेवर, मागून, रोज थोडं थोडं अंतर तोडत कुणी येत असेल तर ते चुकून नसतं.

मी दिवसा त्यांची वही वाचली. दोन वर्षांत हे तीनदा घडलं होतं. दरवेळी 'मागचा' एखाद्या बंद पडलेल्या वस्तूच्या मागे लागला होता, तिला गाठून महिना-दीड महिना तिच्यासोबत चालला होता, आणि मग त्याने तिला सोडून दिलं होतं. सोडल्यानंतरच्या दिवसांसमोर मास्तरांनी लिहिलं होतं: 'उजेड पडला.' चार-सहा दिवस तसं, आणि मग नवा तारा, नवा पाठलाग.

"मास्तर, हे त्याला कोण सांगतं?" मी विचारलं. खरं तर ते त्यांनी मला विचारायला हवं होतं.

"कुनी न्हाई सांगत," ते शांतपणे म्हणाले. "ज्यांनी धाडला ते म्हनायलेत, तो मेला. त्याला हुकूमच पोचत न्हाई. पर त्याला शिकीवलंय ना, शोधायचं. मंग तो शोधायलाय." थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, हे समद्या दुनियेत आमीच बघायलोत का?"

बहुधा हो, मी म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला अभिमान म्हणावं की आणखी काही, मला ठरवता येईना.

चौथ्या दिवशी सकाळी गयाबाई मला शेतात घेऊन गेल्या. निखाऱ्यावर कणसं भाजली, हातावर चोळून हुरडा काढला, शेंगदाण्याची चटणी आणि दही. मी पोटभर खाल्लं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, एक काम हाय. तुमी त्यास्नी सांगा, तो मेलाय म्हनून."

"पण तो मेलेला नाही, मावशी."

"ठावं हाय मला. मीच बघती की." त्या कणीस फिरवत राहिल्या. "परभनीला डोळ्याचं शिबीर लागलंय. गेल्या साली बी लागलं होतं. ह्ये जाईनात. आठ रोज तितं राहावं लागतं, वही मोडल म्हनतेत. डागतरानं सांगितलंय, आणिक साल काढलं तर डोळं गेलं. तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकतेन."

मी हातातलं कणीस खाली ठेवलं. खरं लिहायचं तर मला दोन्ही गोष्टी नको होत्या. त्या माणसाशी खोटं बोलायचं नव्हतं, आणि ती वही मोडायला नको होती. सात सेकंदांचं अंतर उरलं होतं. माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात हे एकदाच घडतं. भाकरी देणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत मी त्यांच्या नवऱ्याच्या डोळ्यांपेक्षा त्या सात सेकंदांचा विचार करत होते. त्याची लाज वाटली, म्हणूनच बहुधा दुपारी मी मास्तरांना म्हणाले, "तुम्ही दोघं परभणीला जा. तोवर वही मी ठेवते. एक दिवस चुकू देणार नाही."

मास्तर बराच वेळ घड्याळावर हात फिरवत राहिले. मग ते घड्याळ त्यांनी माझ्या हातात दिलं. टपाल त्या दिवसांत काही यायचं नव्हतं, आलंच तर फाट्यावरच्या पोस्टाने सांभाळायचं ठरलं.

एकटी

पाचव्या दिवशी सकाळी ते दोघं गेले. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेले होते. परत येताना गावाच्या वाटेवर फक्त माझ्याच पावलांचा आवाज, आणि तो मला जरा जास्त वाटायला लागला.

गावात आणखी सात-आठ म्हातारी माणसं होती, पण दुसऱ्या टोकाला. जवळ होत्या त्या एकट्या रखमाआत्या, शेजारच्या घरात, पंच्याहत्तरीच्या, एक शेळी बाळगून. दुपारी त्या मला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची, आमटी आणून द्यायच्या. मसाला इतका खमंग की मी वाटीच तोंडाला लावत असे. आमच्या आमटीतला गूळ ऐकून त्या खो खो हसल्या. "आमटीत गूळ? मंग शिऱ्यात मिरची घालता व्हय?" पण ऊन उतरायला लागलं की उठायच्या, शेळी आत घ्यायच्या, दार लावायच्या. दिवेलागणीला दिवा लावत नव्हत्या.

"आत्या, तुम्ही बघत नाही का कधी वर?"

"न्हाई. तुमी बी बघू नका," त्या म्हणाल्या. "बघितलं की बघतंय ते."

मी हसले. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून वहीत टिपूनही ठेवलं.

त्या संध्याकाळी अंतर चार सेकंद होतं. पुढच्या संध्याकाळी दोघांचा एकच ठिपका झाला. दुर्बिणीतून मोठा आणि छोटा असे दोन दिसत होते, एकमेकांना चिकटून, आवाज न करता माझ्या डोक्यावरून गेले. मी टाळी वाजवायला विसरले. घड्याळ बघून वेळ लिहिली ती आनंदाच्या भरात दोनदा.

पुढच्या संध्याकाळी नळकांडं एकटंच आलं.

मी बघत राहिले. मागे काही नाही. वहीतल्या अनुभवाप्रमाणे महिनाभर तरी तो त्याच्यासोबत राहायला हवा होता. यावेळी एका दिवसात सोडलं होतं. मी वही मिटून उठणार, इतक्यात लक्षात आलं की अंगणात माझी दुसरी सावली पडली आहे. एक ग्यासबत्तीची, ती मागे लांब गेलेली. दुसरी पायाशी, आखूड आणि निळसर. ती सरकत होती.

वर बघितलं. डोक्यावर एक पांढरा प्रकाश होता, शुक्रापेक्षा कितीतरी पट तेजस्वी. सात-आठ सेकंद राहिला आणि विझला. शेजारी रखमाआत्यांची शेळी ओरडली.

याचं कारण मला माहीत होतं आणि मी ते स्वतःलाच मोठ्याने सांगितलं. उपग्रहाला सपाट, चकचकीत पाती असतात. त्यावरून सूर्याचा कवडसा पडतो, आरशाने पाडतो तसा. कवडसा जमिनीवर एका पट्ट्यात पडतो, आणि त्या दिवशी पट्ट्यात आपण असलो तर असा उजेड दिसतो. 'उजेड पडला,' मी मास्तरांच्याच शब्दांत लिहिलं.

पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पडला. त्याच जागी, डोक्यावर, जरा जास्त वेळ. सकाळी कागद घेऊन गणित मांडलं. उपग्रहाची वाट रोज थोडी सरकते, सूर्यही सरकतो. पाती तशीच राहिली तर कवडसा दुसऱ्या दिवशी कितीतरी लांब, नांदेडकडे कुठेतरी पडायला हवा. तो पुन्हा याच गावावर पडायचा असेल तर पाती नेमकी तेवढ्याच कोनात वळायला हवीत. म्हणजे कुणीतरी वळवायला हवीत. किंवा त्याने स्वतः.

मी बाहेर येऊन गावाकडे बघितलं. रिकाम्या भिंती, पालथे रांजण, कोरडी शेतं. इथे बघण्यासारखं काय होतं? आणि मग माझं लक्ष अंगणातल्या बत्तीकडे गेलं. दोन हंगाम, मैलोन्‌मैल अंधाराच्या मधोमध, तो येण्याच्या जरा आधी लागणारा आणि तो गेल्यावर विझणारा एकच दिवा. आकाशातल्या यंत्राला ग्यासबत्ती दिसू शकत नाही असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणेन. पण ज्याला हालचाल ओळखायला शिकवलंय, त्याच्या येण्याला रोज उत्तर देणारी पृथ्वीवर दुसरी कुठली खूण असेल?

प्रयोगशाळेत अशा शंकेवर एकच उपाय असतो. नवव्या संध्याकाळी मी बत्ती लावली नाही. अंधारात कडुलिंबाखाली उभी राहिले. मंद ठिपका उत्तरेकडून आला, डोक्यावरून गेला. उजेड नाही.

दहाव्या संध्याकाळी बत्ती लावली. उजेड पडला. मी मोजले, अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत समोरच्या तिन्ही घरांच्या दारांवरचा एकूण एक बाभळीचा काटा मला दिसत होता.

एका होकाराने आणि एका नकाराने काही सिद्ध होत नाही हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पुन्हा पुन्हा करून बघायला हवं होतं. पण अकराव्या संध्याकाळी मी ऊन असतानाच आत आले, कडी लावली, खिडकीला पोतं लावलं आणि भिंतीशी बसून राहिले. वेळ टळून गेल्यावरही बराच वेळ उठले नाही. त्या दिवसापुढची वहीतली जागा कोरी आहे.

बंद

खरं तर त्याच दिवशी मास्तर परतायचे होते. मी सकाळपासून फाट्यावर बसले होते. दुपारी सायकलवरून आलेल्या एका माणसाने सांगितलं, नामांतरावरून बंद आहे, परभणीला एसटी डेपोतच उभ्या आहेत. पुण्यात बंद म्हटलं की दुकानांची दारं अर्धी उघडी असतात. इथे रस्ता इतका मोकळा होता की दुपारभरात त्यावरून दोनच गोष्टी गेल्या, तो सायकलवाला आणि एक मुंगूस.

ते बाराव्या दिवशी चार वाजता आले. उजव्या डोळ्यावर जाड हिरवी पट्टी, गयाबाईंच्या खांद्यावर हात. वाकायचं नाही, उजेड बघायचा नाही, दीड महिना पट्टी आणि मग चष्मा. ऑपरेशन चांगलं झालं होतं. गयाबाईंचा चेहरा मी इतका सैल कधी बघितला नव्हता.

मास्तरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "वाचा," म्हणाले.

मी वाचलं. चार सेकंद. एक ठिपका. सोडून दिलं. उजेड. उजेड. दिवा नाही, उजेड नाही. दिवा, उजेड.

"आन् कालची?"

"काल मी बघितलं नाही, मास्तर. भ्यायले."

मला वाटलं, ते रागावतील. तो एक खाडा त्यांच्या दोन वर्षांच्या कष्टांत माझ्यामुळे पडला होता. पण ते मान हलवत राहिले, आणि मी सांगितलेल्या दिव्याच्या गोष्टीपाशी परत गेले. "म्हंजे त्याला आमी दिसायलोत," ते हळू म्हणाले. आणि मग, मला कधी विसरता येणार नाही अशा आवाजात, "इतक्या वर्सांत ह्या गावाकडं कुनी बघितलं हो, बाई? डीपीसाठी सा अर्ज केलेत म्या. हा तर रोज बघायलाय."

गयाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

त्या संध्याकाळी मी बत्ती लावू दिली नाही. मास्तरांना डॉक्टरांनी बाहेर उजेडात बसू नका सांगितलं होतं, ते आतल्या भिंतीकडे तोंड करून बसले. दार उघडं ठेवलं होतं. मी आणि गयाबाई उंबऱ्याच्या आत, त्यांच्या मागे. चूल विझवलेली. सगळ्या घरात विस्तवाचा एक कण नव्हता. मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते. वेळ झाली आणि काही झालं नाही. सुटलो, असं मी मनाशी म्हटलं.

मग भिंत उजळली.

आधी हलके, पहाट व्हावी तशी, आणि मग लख्ख. त्या भिंतीवर आमच्या दोघींच्या सावल्या उमटल्या, आणि त्या जमिनीकडून छपराकडे चढत गेल्या. दिवा नव्हता. मी शपथेवर सांगते, दिवा नव्हता. पंधरा सेकंदांनंतर मी मोजायचं सोडलं.

"गया," मास्तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. उघड्या, मोतीबिंदूच्या डोळ्यालाही तो उजेड जाणवला होता. त्यांचा आवाज लहान झाला होता. "गया, वेळ सांग. लिहायचं हाय."

"न्हाई," गयाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, दार लोटलं, कडी घातली. खोलीत काळोख झाला तरी फटींतून पांढऱ्या रेघा आत येत होत्या. त्या मास्तरांच्या पुढे जाऊन बसल्या आणि आपला पदर त्यांच्या डोक्यावरून खाली ओढून दोन्ही डोळे झाकले, पट्टीचा आणि उघडा. "बास झालं," म्हणाल्या. "आठ रोज तितं खाटंवर पडून होता तुमी. एकदा तरी इचारलं का, गया, तू जेवलीस का म्हनून? आता बास."

त्या पदराखाली मास्तर लहान मुलासारखे निमूट बसून राहिले. रेघा केव्हा विझल्या ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

सकाळी निघताना गयाबाईंनी वही माझ्या पिशवीत घातली. मास्तर बघत होते, म्हणजे तिकडे तोंड करून उभे होते. अडवलं नाही. मी ज्या वहीसाठी आले होते ती मला मिळाली, आणि फाट्यापर्यंत ती पिशवी मी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

मानवत

पुण्यात येऊन मी त्या नोंदींची नक्कल परदेशातल्या एका वृद्ध इंजिनिअरांना पाठवली. आमच्यासारखे हौशी लोक त्यांना निरीक्षणं पाठवतात. त्यांचं उत्तर आलं. गणित बरोबर आहे, असं काही त्यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याच गावातून, शक्य तितक्या दिवस, आणखी निरीक्षणं हवीत. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्याला उत्तर लिहिलं नाही. नक्कल परत मागायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मे महिन्यात पुन्हा त्या बाजूला गेले ती मानवतला. मास्तर निवृत्त झाले होते आणि दोघं लेकीकडे राहायला आले होते. तिचं घर बाजाराजवळ, कापसाच्या वखारींच्या मागे. मास्तरांचा दुसरा डोळाही झाला होता. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लावून ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मला बघून उभे राहिले, आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यापलीकडे नाही, तोंडाकडे बघितलं.

"तुमी अशा दिसता व्हय!" म्हणाले. "मी तुमाला म्हातारी समजलो होतो."

गयाबाई हसून हसून बेजार झाल्या. लेकीने कैरीचं पन्हं आणलं. आम्ही ऊसतोडीहून परतलेल्या माणसांबद्दल बोललो, रखमाआत्यांच्या शेळीला झालेल्या दोन पिलांबद्दल बोललो, डीपी अखेर बसला त्याबद्दल बोललो. वर काय आहे याबद्दल कुणी बोललं नाही. मास्तर वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवत होते, जाहिरातींसकट.

ऊन उतरलं. भिंतीवरचा उजेड पिवळा झाला, मग राखाडी. बाजारात दिवे लागायला लागले. मास्तरांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, वर्तमानपत्राची घडी घातली, आणि कुणी काही न सांगता स्वतःची खुर्ची उचलून आत गेले. गयाबाई आणि लेक त्यांच्यामागे गेल्या.

मी क्षणभर अंगणात उभी होते. मान खाली ठेवली आणि मीही आत गेले.